पूजेत ठेवलेला पाना

मला राग लवकर येतो. चाकणच्या रस्त्यावर कामगारांची बस चालवणाऱ्याला राग येत नसेल, तर तो एकतर संत असेल नाहीतर बहिरा. माझा समोरचा दात मोशीच्या चौकात पडला, एका डंपरवाल्याच्या कोपराने. त्याचं नाक मी आधीच फोडलं होतं, त्यामुळे फिट्टंफाट झाली. सीटखाली टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, ठेवायची, ती चाक खोलायला असते असं सांगायचं, आणि ती कशासाठी असते हे सगळ्यांना ठाऊक असायचं. या पट्ट्यात कंटेनर, डंपर, कंपनीच्या बसा आणि ड्युटीला उशीर झालेले मोटरसायकलवाले एकाच रस्त्यात घुसतात, आणि प्रत्येकाला वाटतं की रस्ता आपल्या बापाचा. माझ्या बाबतीत ते खरंही होतं. कुरुळीतली आमची जमीन या रस्त्यातच गेली.

बसा माझ्या थोरल्या चुलतभावाच्या. मी त्याला दादा म्हणतो, बाकी सगळे शेठ. जमिनीचे पैसे आले तेव्हा आमच्या भावकीतल्या बहुतेकांनी बंगले बांधले. दादाने टेम्पो घेतला आणि स्वतः चालवला. त्या टेम्पोच्या दोन गाड्या झाल्या, मग बसा झाल्या, मग कुरुळीत यार्ड झालं. माणूस कष्टाचा. त्याच्याबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नये.

आमच्या बसवर दोन ड्रायव्हर. पहिल्या शिफ्टला मी, दुसऱ्या शिफ्टला माझा जोडीदार. तो परभणीकडचा, माझ्याहून लहान, आणि स्वभावाने माझ्या अगदी उलटा. कुत्रं आडवं आलं तरी त्याला सॉरी म्हणेल. त्याच्या तोंडून शिवी ऐकायची म्हणून मी बऱ्याच वेळा त्याला चिडवून बघितलं, पण छे. तो हसायचा आणि म्हणायचा, भाऊ, तुम्ही दोघांच्या वाटच्या देता की.

मग दादाने कॅमेरे बसवले. एका डबीला दोन डोळे, एक रस्त्याकडे, एक ड्रायव्हरच्या तोंडाकडे. ती डबी बोलायचीसुद्धा. जांभई दिली की एका बाईच्या आवाजात सांगायची, लक्ष समोर ठेवा. फोन उचलला की ओरडायची. जोरात ब्रेक मारला की काही बोलायची नाही, पण आपल्या नावावर लाल खूण पडायची. पहिल्या आठवड्यात मी ती टॉमीने फोडायला निघालो होतो. जोडीदाराने माझा हात धरला. तो तिला ताई म्हणायचा. गाडी ताब्यात देताना म्हणायचा, ताई आज तुमच्यावर लई रुसलीय.

दादाला खरा आनंद होता तो पुढच्या गोष्टीचा. त्याने कॅमेरा आणि गाड्यांच्या दुरुस्तीचं खातं एकत्र जोडून घेतलं होतं. आधी कुठल्या गाडीचं काय कधी करायचं, हे आमच्या मिस्त्रींच्या डोक्यात असायचं. मिस्त्रींना आम्ही चाचा म्हणायचो. भोसरीत वाढलेले, दादाच्या टेम्पोपासून त्याच्याबरोबर असलेले. आता कॅमेरा ब्रेक किती जोरात लागतात ते बघणार, त्यावरून कॉम्प्युटर ब्रेकचे लायनर किती झिजले ते ठरवणार, आणि त्याने जॉबकार्ड काढलं तरच स्टोअरमधून लायनर मिळणार. मला हे पटलं होतं, उगाच नावं कशाला ठेवू. दणादण ब्रेक मारणारा लायनर लवकर खातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या नावावर रोज लाल खुणा पडत होत्या आणि आमच्या गाडीच्या दुरुस्तीची तारीख लवकर येत होती. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं.

नवरात्राच्या आधी गाडी ब्रेकला मऊ लागायला लागली. पाय पूर्ण खाली जायचा आणि गाडी थोडी पुढे सरकूनच थांबायची. मग मी लांबूनच ब्रेक धरायला लागलो. गिअर खाली टाकायचा, पाय दोन-तीन वेळा मारायचा, आणि चौकाच्या बऱ्याच आधीपासून देवाचं नाव घ्यायचं. जोडीदारही तेच करत होता. गाडीला झटका बसेना. झटका बसेना म्हणून कॅमेऱ्याला वाटलं की मी सुधारलो. माझ्या नावावरचं लाल जाऊन हिरवं आलं. आणि दोन्ही ड्रायव्हर इतके नरम चालवतात म्हटल्यावर लायनर झिजणार कशाने, म्हणून कॉम्प्युटरने ब्रेकच्या कामाची तारीख पुढे ढकलली.

दादाने यार्डात सगळ्यांसमोर माझ्या पाठीत थाप मारली. सुधारलास की रे, लग्नानंतर न्हाई सुधारलास ते कॅमेऱ्यानं सुधारलास. सगळे हसले. मी सांगितलं की मी तसाच आहे, ब्रेक मेलाय. दादाने मोबाईल काढून गाडीपुढची हिरवी खूण दाखवली. चाचांनी गाडी एक चक्कर मारून आणली आणि तेही म्हणाले की लायनर बघायला पाहिजेत. पण जॉबकार्ड नाही, तर स्टोअर उघडेना. चाचांनी दादाला दोनदा सांगितलं, मी भांडून सांगितलं. भांडून सांगितलं म्हणूनच ते वाया गेलं असावं, कारण माझं भांडण ही यार्डात रोजची गोष्ट होती. जोडीदार सांगायला गेलाच नाही. त्याला वाटायचं, शेठच्या भावाचं ऐकत नाहीत, तर माझं काय ऐकणार.

शेवटी चाचांनी वाट काढली. एक जुनी बस यार्डात मोडायला उभी होती, तिचे लायनर बरे होते. ते काढून आमच्या गाडीला टाकायचे, कार्ड गेलं खड्ड्यात. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी कामगार सोडून यार्डात गाडी लावली की चाक खोलायचं, असं ठरलं.

मी आलो तेव्हा वर्कशॉप धुऊन पुसून ठेवलेलं. ज्यांच्या घरात लोखंडाचं काम चालतं त्यांना खंडेनवमी सांगायला नको. सतरंजीवर जॅक, हातोडे, पाने, टॉमी, अगदी हवा मारायचा पाइपसुद्धा मांडलेला, प्रत्येकावर हळदी-कुंकू आणि झेंडूचं फूल. मधोमध चाक खोलायचा मोठा पाना. मांडणी दरवर्षी चाचाच करायचे, आणि दुसऱ्या कोणाला करू द्यायचे नाहीत. दादा घाईने आधीच येऊन नारळ फोडून बसला होता. आता हत्यारांना दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि दादाला सगळं सांगितलं. एक पाना उचलतो, एवढं काम करतो, परत ठेवतो.

दादा म्हणाला, “न्हाई. आज हत्याराला हात लावायचा न्हाई. वडिलांनी कधी लावला न्हाई, मी लावू देनार न्हाई. एका दिवसानं काय आभाळ कोसळत न्हाई.”

मग गाडी उभी ठेव, मी म्हणालो. दादा म्हणाला, कंपनीला काय सांगू, कामगार चालत न्या म्हणून? हत्यारांना सुट्टी होती, गाडीला नव्हती. तिला हार घातला होता, काचेवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, आणि ती दुपारी महाळुंग्याला जाणार होती. मी चावी दादाच्या अंगावर फेकली. ती त्याच्या छातीला लागून खाली पडली. जोडीदार तेवढ्यात आला होता. त्यानेच ती उचलली, कपाळाला लावली आणि मला म्हणाला की मी लई हळू नेतो, तुम्ही चिडू नका. मी त्याला आईवरून शिवी दिली आणि गाडीसमोरून बाजूला झालो. दोन्ही धड डोळ्यांनी त्याने माझ्याकडे बघितलं ते शेवटचं.

आम्ही प्रसादाच्या जेवणाला बसलो होतो तेव्हा फोन आला. दुसऱ्या शिफ्टचे कामगार सोडून, पहिल्या शिफ्टचे घेऊन गाडी निघाली होती, आणि महाळुंग्याच्या उतारावरून थेट रस्त्याकडेच्या झेंडूवाल्यांत घुसली होती. मी हात न धुता मोटरसायकल काढली.

पोचलो तेव्हा बसचं तोंड फुलांच्या ढिगात होतं. चिरडलेल्या झेंडूचा आणि डिझेलचा मिळून जो वास येत होता, तो मला आजही दर दसऱ्याला येतो. फुलं निवडायला वाकलेली एक बाई जागीच गेली होती. तिच्यावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. तिचा नवरा शेजारी बसून होता, हातात फुलांची पिशवी. तो कोणालाच मारत नव्हता. बाकी सगळे मारत होते.

जोडीदार रस्त्यावर पडला होता आणि त्याच्याभोवती चपला, बूट, हेल्मेट, फळ्या. झोपला होता, पिऊन आलता, असं ओरडत होते. एकजण क्रेटची फळी उभी धरून खिळ्याच्या बाजूने मारत होता. मारणाऱ्यांत कंपनीच्या गणवेशातले दोघे होते. त्यांना आम्ही रोज घरी सोडायचो. आमच्या कुरुळीचा एक होता, माझ्या लग्नात नाचलेला. बसमधली डबी तेवढी शुद्धीवर होती. चालक जागेवर नाही, ती सांगत होती, कृपया सीटबेल्ट लावा. लाथ बसल्यावर माणसाच्या तोंडातून जो आवाज निघतो तो, आणि वरून ती बाई. चालक जागेवर नाही.

मी बसमध्ये चढून टॉमी काढली आणि गर्दीत शिरलो. फळीवाल्याच्या मनगटावर पहिला घाव घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर मारलं. आमच्या गाववाल्याने मला ओळखलं, तो मागे सरकला, तरी मी त्याच्या पाठीत घातली. मग माझ्या डोक्यात मागून काहीतरी बसलं, टॉमी हातातून गेली, आणि मी जोडीदारावर पालथा पडलो. त्यानंतर माझ्या पाठीवर जे पडलं ते मोजलं नाही. माझ्या तोंडाखाली त्याचं तोंड होतं. डावा डोळा होता तिथे नुसतं रक्त. ते थांबेना.

“भाऊ, म्या झोपलो न्हवतो,” तो म्हणाला. “उभा राह्यलो ब्रेकवर. लागलाच न्हाई.”

पोलीस आले, काठ्या बसल्या, त्यातल्या दोन मला. त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि दाराबाहेर एक हवालदार बसवला. माणूस मेला होता, ड्रायव्हर आरोपी होता, कायदा सरळ आहे. बस रस्ता अडवून उभी होती. दादाने आपलं वजन वापरून ती क्रेनने यार्डात आणवली. आरटीओचा माणूस सकाळी येऊन तपासेल, तोवर जशी आहे तशी ठेवायची, या बोलीवर.

मी डोक्याला पट्टी बांधून यार्डात आलो, तेव्हा ऊन उतरलं होतं. दादा वर्कशॉपच्या दारात उभा होता आणि चाचांना सांगत होता की जुन्या बसचे लायनर काढा आणि हिला टाका. दोन तासांचं काम आहे. मला बघून त्याने आवाज खाली आणला. मोबाईल पुढे केला. म्हणाला, तो झोपलाच होता, कॅमेऱ्यात डोळे मिटलेले दिसतायत, कॉम्प्युटरनं लिहून पाठवलंय, आपण कशाला मरायचं.

मी बघितलं. डोळे खरंच मिटले होते. दात आवळले होते. आणि मग त्याचं डोकं वर वर जात चित्राच्या बाहेर गेलं, उरली नुसती छाती आणि स्टिअरिंगवर ताणलेले दोन हात. मी क्लिप मागे नेली आणि दादाच्या तोंडासमोर धरली. माझा आवाज चढला नव्हता, हे मला नीट आठवतं, कारण तसं क्वचित होतं.

“दादा, तू टेम्पो चालवलायस. झोपलेला माणूस उभा राहतो व्हय?”

 दादाने क्लिपकडे एकदाच बघितलं, मोबाईल खिशात टाकला आणि चाचांना म्हणाला, घ्या पाना. त्या क्षणी मला कळलं की त्याला कळलंय. माझ्या अंगात जे काही शिल्लक होतं ते सगळं पेटलं. पण माझ्याआधी चाचा बोलले.

“शेठ, सकाळी आपण म्हणालात, आज हत्याराला हात नाही. मी पान्याला हात लावला नाही. आता उद्या सकाळी पूजा उचलेपर्यंत मी तो घेणार नाही.”

दादाने त्यांना शिवी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही त्यांच्या जातीवरून. मग तो स्वतः सतरंजीवर गेला, बुटांनिशी, आणि मधला मोठा पाना उचलला. फूल खाली पडलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. थोरल्या भावाच्या तोंडावर. त्याने पाना फिरवला तो माझ्या बरगडीत बसला. श्वास आत गेला तो बाहेर येईना. मी त्याला घेऊन जॅकवर पडलो. आम्ही लहानपणी कुस्ती खेळायचो तसेच हत्यारांवर लोळत होतो, हळद-कुंकू आणि रक्त एकमेकांत कालवत. त्याने माझी पट्टी ओढून काढली. मी त्याचा कान चावला. मला तो मेला तरी चालणार होता, आणि त्यालाही मी.

तो जास्त दणकट. मला झटकून उठला आणि पाना घेऊन बसकडे गेला. चाकाला पाठ लावून चाचा जमिनीवर बसले होते. पाय पसरलेले, हात मांडीवर. दादाने पाना वर केला. बाजूला व्हा म्हणाला. ते झाले नाहीत. मी सतरंजीवरून बघत होतो, उठता येत नव्हतं, आणि मला वाटलं आता चाचांचं डोकं फुटणार.

पाना बराच वेळ वर राहिला. मग तो चाचांच्या शेजारी मातीत पडला. दादा तिथेच उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मला दिसलं,” तो म्हणाला. “उभा राह्यला व्हता त्यो. मला दिसलं.”

चाचा रात्रभर चाकापाशीच बसून राहिले. सकाळी, दसऱ्याला, त्यांनी अंघोळ केली, विस्कटलेली मांडणी पुन्हा नीट लावली, नारळ ठेवला आणि रीतीप्रमाणे पूजा उचलली. आरटीओचा माणूस आला तेव्हा त्याच पान्याने त्याच्यासमोर चाक खोललं. लायनर झिजून आतल्या रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत गेले होते आणि रिव्हेटांनी ड्रमला नांगरल्यासारख्या खाचा पाडल्या होत्या. त्या माणसाने आधी ते बघितलं, मग दादाच्या मोबाईलवरची हिरवी खूण बघितली, आणि फोटो काढून घेतले. मी तिथेच पूर्ण क्लिप पोलिसांना द्यायला लावली, डोकं वर जाईपर्यंतची. दाराबाहेरचा हवालदार उठला. ड्रायव्हर झोपला होता ही गोष्ट कागदावरून गेली, आणि केस दादावर फिरली. ती अजून चालू आहे. त्या बाईचा नवरा तारखेला येतो आणि मागच्या बाकावर बसतो.

त्या दसऱ्याला आम्ही भावांनी एकमेकांना सोनं दिलं नाही. अजूनही देत नाही. चाचा भोसरीत मुलाच्या गॅरेजवर बसतात. मी दुसऱ्याच्या बसवर लागलो. तिथेही कॅमेरा आहे, तिथेही बाई बोलते, आणि ब्रेक जरा मऊ लागला की मी मालकाच्या दारात बस आडवी लावून चावी खिशात घालतो. माझ्या नावापुढे कायम लाल असतं. असू दे.

जोडीदाराचा डावा डोळा गेला. एका डोळ्यावर बस चालवायचं लायसन राहत नाही. तो महाळुंग्यात पॅकिंगच्या कामाला लागलाय आणि माझ्याच बसने ड्युटीला जातो. माझ्या मागच्याच सीटवर बसतो, गप्पा मारतो, डबीला अजून ताईच म्हणतो. मला वाटायचं तो विसरला. मग एकदा आरशात नजर गेली.

महाळुंग्याचा उतार लागला की त्याचं बोलणं थांबतं. तो पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरतो आणि उजवा पाय फरशीवर दाबतो, सीटवरून अर्धा उठेपर्यंत. मी ब्रेक मारतो, गाडी थांबते, माणसं उतरतात. त्याचा पाय तसाच दाबलेला असतो.